मुठीतल्या खेळाचा शिल्पकार : गुन्पेई योकोई

ज्यांचे बालपण १९९०च्या दशकात गेले, त्यांना विटा रचण्याचा खेळ असलेले ते लहानसे यंत्र नक्कीच आठवत असेल. वरून सावकाश खाली घसरणारे चौकोनी तुकडे, खाली भरत जाणाऱ्या रांगा, कर्कश बीप-बीप आवाज आणि पाठीमागच्या झाकणाखाली बसवलेले पेन्सिल सेल. मुंबई-पुण्याच्या चाळींपासून शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत त्याला 'व्हिडिओ गेम' एवढेच नाव होते. ते बहुधा चिनी बनावटीचे असे आणि निर्मात्याचे नाव त्यावर शोधूनही सापडत नसे. परंतु दोन्ही हातांत धरायचा तो आकार, डाव्या अंगठ्याखाली दिशांची बटणे, उजव्या अंगठ्याखाली क्रियेचे बटण आणि मध्ये रंगहीन पडदा ही सारी रचना उसनी होती. तिचे मूळ जपानमधील क्योतो शहरातील एका अभियंत्याच्या टेबलापर्यंत जाते. त्या अभियंत्याचे नाव गुन्पेई योकोई. व्हिडिओ गेमच्या विश्वात हे नाव आदराने घेतले जाते, पण ज्या कोट्यवधी मुलांच्या हातांत त्याची कल्पना पोहोचली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी ते ऐकलेले असते.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो येथे झाला. तेथील दोशिशा विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९६५ मध्ये निंटेन्डो या कंपनीत रुजू झाले. आज या नावाभोवती जे वलय आहे, त्याचा तेव्हा मागमूसही नव्हता. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते छापत असे. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, हे योकोई यांचे काम. यंत्रे सहसा बिघडत नसत, त्यामुळे तरुण अभियंत्याजवळ वेळच वेळ होता. त्या रिकामपणात त्यांनी जाळीच्या दरवाजासारखी घडी होणारी एक लांब बाहू तयार केली. मुठीतले दांडे जवळ आणले की ती लांबवर पसरे आणि टोकाच्या चिमट्याने समोरची वस्तू पकडे.

कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस हा उद्योग पडला. कामाच्या वेळेत खेळणे बनवणाऱ्या नोकराची कानउघाडणी होणार, असे कोणालाही वाटले असते. यामाउची यांनी मात्र ते खेळणे बाजारात आणण्याचा हुकूम सोडला. १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' या नावाने आलेल्या त्या खेळण्याचा खप दहा लाखांच्या पुढे गेला आणि यंत्रांची देखभाल करणारा अभियंता खेळणी घडवू लागला. यामाउची हे कठोर, एकतंत्री गृहस्थ म्हणून ओळखले जात. पण माणसे हेरण्याची त्यांची दृष्टी अचूक होती, हे मान्य करावेच लागेल.

पुढील काही वर्षांत योकोई यांच्या हातून खेळण्यांची मालिकाच बाहेर पडली. घरात खेळण्यासाठी मऊ चेंडू फेकणारे यंत्र आले, भिंतीपलीकडचे पाहण्याची दुर्बीण आली. १९६९ मध्ये 'लव्ह टेस्टर' आला. तरुण-तरुणीने एकमेकांचा हात धरायचा आणि उरलेल्या हातांत यंत्राचे दोन गोळे धरायचे. शरीरातून जाणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहानुसार काटा हलून प्रेमाचे मोजमाप दाखवी. यामागील विज्ञान साधे विद्युतमापकाचे होते. खरी करामत होती ती हात धरण्याला निमित्त मिळवून देण्यात, आणि योकोई यांनी हे कधी लपवले नाही. दूरनियंत्रित मोटारी जेव्हा सामान्य घरांना परवडत नव्हत्या, तेव्हा त्यांनी केवळ डावीकडेच वळणारी मोटार काढली. वर्तुळाकार मार्गावर शर्यत लावायची तर उजवीकडे वळण्याची गरजच काय? एक वळण वजा केल्याने नियंत्रणाची यंत्रणा सोपी झाली आणि किंमत खाली आली. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची गुरुकिल्ली या मोटारीत सापडते.

त्या काळात शार्प कंपनीचे सौरघट स्वस्त होऊ लागले होते. इतरांना त्यात विजेचा स्रोत दिसला, तर योकोई यांना नेमबाजीचे लक्ष्य दिसले. बंदुकीतून प्रकाशाचा झोत सुटावा, तो समोरच्या घटावर पडावा आणि बाटली उडून पडावी, असा खेळ त्यांनी १९७० मध्ये साकारला. त्याच तत्त्वावर १९७३ मध्ये, ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत नेमबाजीची मोठी केंद्रे उभी राहिली. ती नीट रुजण्यापूर्वीच तेलसंकट आले, मागण्या रद्द झाल्या आणि निंटेन्डो कर्जाच्या खाईत सापडली.

या पडझडीतून १९७४ मध्ये 'वाइल्ड गनमॅन' जन्माला आला. खेळणाऱ्यासमोर पडदा असे आणि त्यावर १६ मिलिमीटरच्या चित्रफितीतून अमेरिकन पश्चिमेतील बंदूकबाज अवतरे. तो रेखाटलेला नसे. ज्याचे प्रत्यक्ष चित्रीकरण केले आहे असा हाडामांसाचा नट असे. त्याचे डोळे लकाकले की खेळणाऱ्याने कमरेची बंदूक काढून गोळी झाडायची. वेळ साधली तर पडद्यावरचा इसम कोसळल्याचे दृश्य येई, चुकली तर तोच आधी गोळी झाडी. संगणकाने काढलेली चित्रे तेव्हा ठिपक्या-रेघांच्या पलीकडे गेली नव्हती. अशा वेळी खेळात थेट खऱ्या जगाचे छायाचित्रण आणण्याची ही युक्ती होती, आणि तीही चित्रपटगृहांत वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या जुन्या सामग्रीच्या बळावर. खेळणाऱ्याच्या कृतीवरून पुढचे दृश्य ठरवणारा चित्रपट, असे त्याचे वर्णन करता येईल. हे यंत्र मात्र अवजड आणि खर्चिक होते. ते दालनातच शोभणारे होते. खऱ्या जगाचे चित्र मुलाच्या तळहातावर यायला अजून जवळजवळ पाव शतकाचा अवधी होता.

तळहातावरच्या खेळाची कल्पना योकोई यांना आगगाडीत सुचली. शिंकान्सेन या वेगवान गाडीतून जात असता कंटाळलेला एक प्रवासी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसलेला त्यांनी पाहिला. मोठ्या माणसालाही वेळ घालवायला काहीतरी हवे असते, पण चारचौघांत खेळताना त्याला संकोच वाटतो, हे त्यांनी हेरले. हात मांडीवर ठेवून, कोणाच्या नजरेत न भरता, दोन अंगठ्यांनी खेळता येईल असे चपटे यंत्र त्यांच्या मनात आकार घेऊ लागले.

ही कल्पना अध्यक्षांच्या कानी पडली तीही योगायोगानेच. यामाउची यांचा चालक आजारी पडला होता आणि त्यांची गाडी होती डाव्या बाजूला चाक असलेली अमेरिकन कॅडिलॅक. तशी गाडी हाकण्याची सवय असलेला माणूस म्हणून विभागप्रमुख योकोई यांनाच चालकाच्या जागी बसावे लागले. वाटेत काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी कॅल्क्युलेटरएवढ्या खेळाची गोष्ट काढली. यामाउची यांनी फारशी प्रतिक्रिया दिली नाही. परंतु त्या दिवशीच्या बैठकीत त्यांच्या शेजारी शार्पचे अध्यक्ष बसले होते. त्यानंतर आठवडाभरातच शार्पची माणसे निंटेन्डोच्या दारात येऊन उभी राहिली. कॅल्क्युलेटरच्या बाजारात शार्प आणि कॅसिओ यांच्यात किमतीचे तुंबळ युद्ध झाले होते आणि त्यातून द्रवस्फटिकाचे पडदे मुबलक व स्वस्त झाले होते. त्यांना नवे गिऱ्हाईक हवेच होते.

अशा रीतीने एप्रिल १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' मालिकेतील पहिला खेळ 'बॉल' आला. एक विदूषकासारखा गडी चेंडू वर उडवतो आहे आणि खेळणाऱ्याने त्याचे हात डावी-उजवीकडे सरकवून ते झेलायचे आहेत, एवढाच तो खेळ. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर आठाचा आकडा जसा सात रेघांच्या तुकड्यांनी बनतो आणि त्यातल्या हव्या त्या रेघा उमटवून बाकीचे आकडे दाखवले जातात, तसेच येथे होते. हातांच्या आणि चेंडूंच्या सर्व संभाव्य जागा पडद्यावर आधीच कोरलेल्या असत. त्यातली एकेक उमटे आणि विझे. बघणाऱ्याला मात्र चेंडू हवेत फिरल्याचा भास होई. खेळ नसेल तेव्हा यंत्र घड्याळाचे काम करी. खप १९९१ पर्यंत सुमारे ४ कोटी ३४ लाखांवर गेला आणि निंटेन्डोचे कर्ज फिटले.

याच मालिकेतील 'डाँकी काँग'च्या १९८२ मधील आवृत्तीसाठी योकोई यांनी अधिकचिन्हाच्या आकाराचे एकसंध बटण घडवले. चपट्या यंत्रात उभी दांडी बसवणे अशक्य होते आणि चार सुटी बटणे नजर न वळवता दाबणे मुलांना अवघड जाई. या एका प्लास्टिकच्या तुकड्याने अंगठ्याला दिशा कळू लागल्या. मूळ 'डाँकी काँग' हा शिगेरु मियामोतो या तरुण चित्रकाराचा खेळ. त्याला तांत्रिक बाजूंचे मार्गदर्शन करण्याची जबाबदारी यामाउची यांनी योकोई यांच्यावरच सोपवली होती.

जुन्या झालेल्या तंत्राचा आडव्या वाटेने विचार करणे, असे आपल्या पद्धतीचे वर्णन योकोई करीत. जुने म्हणजे टाकाऊ नव्हे. ज्याचे गुणदोष पूर्णपणे कळले आहेत, जे भरपूर आणि स्वस्त मिळते ते तंत्र घ्यायचे आणि ज्या कामासाठी ते कोणी वापरलेले नाही त्या कामाला जुंपायचे. नव्यात नवे यंत्रभाग वापरण्याच्या अभियंत्यांच्या हौसेकडे ते संशयाने पाहत. खेळणे महाग झाले की ते मुलापर्यंत पोहोचत नाही, हा त्यांचा आडाखा साधा होता. तो पाळायला धैर्य लागे.

या धैर्याची कसोटी लागली ती 'गेम बॉय'च्या वेळी. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येन किमतीला आलेल्या या यंत्राचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता आणि त्यावर हिरवट रंगाच्या चारच छटा दिसत. मागून उजेडही नव्हता. त्याच वर्षी अटारीने आणि पाठोपाठ सेगाने झगमगीत रंगीत पडद्यांची यंत्रे बाजारात उतरवली. कंपनीतच अनेकांना चिंता वाटू लागली. योकोई यांचे म्हणणे असे की, एकदा खेळात मन रमले की रंगाचे भान उरत नाही. फळ्यावर खडूने दोन वर्तुळे काढून तो बर्फाचा माणूस आहे असे सांगितले, तर पाहणाऱ्याचे मन बर्फाचा शुभ्रपणा स्वतःच भरून काढते. शिवाय रंगीत पडदा सेल खातो. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे सहा सेल काही तासांतच संपवीत. 'गेम बॉय' चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास सहज चाले. ज्याला सेलसाठी आईकडे पैसे मागावे लागतात त्या मुलाच्या दृष्टीने हा फरक रंगापेक्षा मोठा होता. मुलांच्या हातून पडून-झडूनही ते यंत्र सहसा मोडत नसे, हाही त्याचा मोठा गुण.

सारे श्रेय एकट्या योकोई यांना देणे मात्र न्याय्य ठरणार नाही. कॅसेट बदलून अनेक खेळ खेळता यावेत आणि यंत्र दीर्घकाळ टिकावे, यासाठी त्यांचे सहकारी सातोरु ओकादा यांनी आग्रह धरला होता. अलेक्सी पाजित्नोव या रशियन संगणकतज्ज्ञाचा 'टेट्रिस' हा विटांचा खेळ अमेरिकेत यंत्रासोबतच दिला गेला, त्यानेही बाजी मारली. पुढे १९९६ मध्ये 'पोकेमॉन' आल्यावर तर जुने होत चाललेल्या यंत्राला पुन्हा बहर आला. 'गेम बॉय' आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. भारतात ती अधिकृतपणे फारशी आली नाहीत. आपल्याकडे आल्या त्या त्यांच्या स्वस्त छाया.

यशाच्या या शिखरावर असताना योकोई यांनी 'व्हर्च्युअल बॉय' हाती घेतला. चष्म्यासारख्या यंत्रात डोळे घालून त्रिमित जगात शिरायचे, अशी ती कल्पना. स्वस्त म्हणून केवळ लाल प्रकाशाचे सूक्ष्म दिवे वापरले आणि हलणाऱ्या आरशांनी त्यांची ओळ डोळ्यांसमोर पसरवली. तत्त्व त्यांचेच, जुन्या तंत्राचे. पण या वेळी गणित चुकले. काळ्या अंधारात लाल रेघा, टेबलावर वाकून अवघडलेली मान, डोळ्यांवर ताण आणि लहान मुलांनी वापरू नये असा इशारा. मुख्य म्हणजे खेळणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून दुसऱ्याला काहीच दिसत नसे. ज्या माणसाने हात धरण्यासाठी यंत्र बनवले, त्याने माणसाला एकटे पाडणारे यंत्र बनवावे, हा दैवदुर्विलासच. जुलै १९९५ मध्ये आलेले हे यंत्र जेमतेम पावणेआठ लाख विकले गेले आणि वर्षभरातच गुंडाळले गेले.

या अपयशामुळे योकोई यांना कंपनीतून जावे लागले, असे सर्रास लिहिले जाते. त्यांनी स्वतः मात्र याचा इन्कार केला होता; स्वतंत्र होण्याचा विचार त्यांच्या मनात आधीपासून घोळत होता. एवढे खरे की, पराभवाच्या क्षणी ते निघून गेले नाहीत. आटोपशीर 'गेम बॉय पॉकेट' बाजारात आणून, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी निंटेन्डो सोडली आणि क्योतोतच 'कोतो' ही आपली छोटी संस्था काढली. तेथे बान्दाई कंपनीसाठी ते एका नव्या यंत्राची आखणी करीत होते. ते पुन्हा रंगहीन होते आणि या वेळी केवळ एका सेलवर चालणार होते.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकु द्रुतगती मार्गावर त्यांची मोटार पुढच्या मालवाहू गाडीवर किरकोळ धडकली. नुकसान पाहण्यासाठी योकोई खाली उतरले आणि मागून येणाऱ्या मोटारीने त्यांना उडवले. त्यांचे वय होते ५६. बान्दाईचे 'वंडरस्वान' मार्च १९९९ मध्ये आले तेव्हा त्यावरील एका कोड्याच्या खेळाला 'गुन्पे' हे नाव देण्यात आले. २००३ मध्ये खेळनिर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

पण त्यांच्या विचाराचा सर्वांत लोभस आविष्कार त्यांच्या मृत्यूनंतर साडेचार महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १९९८ रोजी बाजारात आला. 'पॉकेट कॅमेरा', अर्थात 'गेम बॉय कॅमेरा'. तो योकोई यांनी बनवला नव्हता. त्यांच्याच विभागात वाढलेले संगीतकार-अभियंता हिरोकाझु तानाका यांचा त्यात मोठा वाटा होता. तरीही त्यावर गुरूचा हात स्पष्ट जाणवतो. कॅसेटच्या डोक्यावर डोळ्याच्या बुबुळासारखा फिरणारा गोळा. तो समोर वळवला तर जग दिसे, स्वतःकडे वळवला तर आपला चेहरा. अंकीय कॅमेरे तेव्हा प्रौढांच्याही खिशाला जड होते. हा मुलांसाठी होता आणि त्याची किंमत होती ५,५०० येन. छायाचित्र १२८ बाय ११२ ठिपक्यांचे, छटा त्याच चार, साठवण तीस चित्रांची. सोबतच्या छोट्या छपाईयंत्रातून चिकटपट्टीच्या कागदावर त्याची प्रतही निघे. एवढ्या दरिद्री सामग्रीत मित्राचा चेहरा ओळखू येई, हेच आश्चर्य. बर्फाच्या माणसाचा दाखला येथे खरा ठरला. उरलेले मन भरून काढीत होते.

त्यातील एका सोयीकडे फारसे लक्ष गेले नाही. छायाचित्रातील एखाद्या जागेला खूण करून ठेवायची. तेथे बोट नेले की आवाज होऊन दुसरे छायाचित्र उघडे. म्हणजे मुलाने घराच्या दाराचे चित्र काढावे, दारावर खूण करावी आणि त्यातून आतल्या खोलीत, खोलीतून परसात जावे. पुस्तकी ज्ञानाशिवाय, स्वतःच्या परिसरातून, स्वतःचा खेळ रचण्याचे ते साधन होते.

शिराळ्याच्या नागपंचमीची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. गोरक्षनाथांशी नाते सांगणाऱ्या त्या परंपरेत जिवंत नाग पकडून पुजले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाचे निर्बंध आले आणि गावाला प्रतिमेच्या पूजेकडे वळावे लागले. प्रतिमा खऱ्याची जागा घेऊ शकते का, हा वाद तेथे श्रद्धेचा आहे. मुलाच्या बाबतीत त्याचे उत्तर अंशतः तरी या कॅमेऱ्याने दिले होते. जनावराला हात न लावता, दुरून टिपून, त्याला आपल्या खेळात आणता येत होते. पकडण्याचा आनंद राही आणि पकडलेला जीवही राही.

कॅमेऱ्यात दोषही होते. छायाचित्रणाच्या यादीतील पळ काढण्याचा पर्याय निवडला की अचानक विद्रूप केलेला मानवी चेहरा पडद्यावर येई. कित्येक मुलांची त्याने झोप उडवली. मुलांच्या वस्तूत हा आचरटपणा कशासाठी, याचे समर्थन करणे कठीण आहे.

मात्र त्याच कॅमेऱ्यात काही छोटे खेळ दडलेले होते आणि त्यांतला एक जाणकारांना चटकन ओळखू आला. चेंडू वर उडवणारा गडी, डावी-उजवीकडे सरकणारे हात. तो १९८० चा 'बॉल' होता. अठरा वर्षांपूर्वी कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर त्या गड्याची नुसती काळी आकृती होती. आता त्याच्या धडावर खेळणाऱ्या मुलाचा स्वतःचा, नुकताच टिपलेला चेहरा बसत होता.